फुकटची अवजारं

बाल्कनीतल्या बागेसाठी तिने काहीच विकत आणलं नव्हतं. नवरा चिडला की एकेक अवजार तयार व्हायचं. तिच्या पाठीत बसून वाकलेल्या उलथण्याचं खुरपं झालं. भिंतीवर आदळून तडकलेल्या डब्याची झारी झाली. मारता मारता तुटलेल्या पट्ट्याने टोमॅटोचं रोप बांधलं. आज जेवण गार म्हणून त्याने तिला केसांना धरून बाल्कनीत फरफटत आणलं, कुंड्या लाथाडल्या, झाडूचा दांडा खांद्यावर हाणला. ती कोसळली. हाती लागलेलं खुरपं तिने घट्ट आवळलं. दांडा पुन्हा वर गेला आणि वरच अडकला. मागून सासूने धरला होता. एरवी अशा वेळी टीव्ही मोठा करणाऱ्या सासूने. "आई, मध्ये पडू नकोस." सासूने हिसडा देऊन दांडा काढून घेतला, उरलेल्या कुंडीत खोचला. "टोमॅटोला आधार हवाय." मग सुनेकडे वळली. "तू खुरपं सोडू नकोस."