अकरा रात्रींचा काळोख

"एवढं स्वच्छ चित्र येणं शक्य नाही," परीक्षक बाई फोनवर म्हणाल्या. "रविवारी सगळे मूळ फोटो घेऊन पुण्याला या. नाहीतर नाव बाद करावं लागेल."

गोरखचं डोकंच फिरलं. अकरा रात्री थंडीत कुडकुडून काढलेलं चित्र, आणि ही बाई सरळ त्याला खोटं ठरवत होती. कॉम्प्युटरला सांगितलं की तो हवं तसं आभाळ बनवून देतो, तसंच याने केलं असणार, असा त्यांचा संशय.

गोरख गुंजवण्याचा. दिवसा तो लग्नाचे फोटो काढायचा आणि रात्री त्याच कॅमेऱ्याने गावामागच्या टेकाडावरून आभाळ टिपायचा. देवयानी दीर्घिकेचं चित्र त्याने हौशी मंडळींच्या स्पर्धेला धाडलं होतं. गावात मात्र त्याची ओळख 'काळोखाचं फोटू काढणारा' एवढीच. चांगला कॅमेरा हातात असून पोरगं वाया गेलं, असं लोक तोंडावर म्हणत. एकदा पहिला नंबर येऊ दे, मग एकेकाची तोंडं बघायची, हे त्याने कधीच ठरवून टाकलं होतं. आणि आता बाद झालो तर हीच माणसं आयुष्यभर चिडवणार, हेही त्याला ठाऊक होतं.

काम सोपं नव्हतंच. अंधारात काढलेल्या फोटोवर बारीक रवा सांडल्यासारखे दाणे येतात. दर फोटोत दाणे नव्या जागी, दीर्घिका मात्र जिथल्या तिथे. म्हणून तोच फोटो शेकडो वेळा काढायचा आणि थरावर थर रचायचे, की दाणे विरत जातात. शेवटी भिंगाला झाकण लावून काही फोटो घ्यायचे. त्यात कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खोडी तेवढ्या उमटतात, त्या वजा करायच्या.

एवढं करूनही गेल्या वर्षी दाणे हटले नव्हते. गावातल्या दिव्यांचा उजेड आभाळात चढायचा आणि सगळ्या मेहनतीवर पाणी पडायचं. त्याने आईपाशी, रतनबाईपाशी, चिडचिड केली. गावाला सांगून तरी बघ, असं ती म्हणाली.

"आदीच हसत्यात. आनखी कशाला हसं करून घिऊ?" म्हणून त्याने विषय मिटवला. रतनबाईनेही तो पुन्हा काढला नाही.

यंदा मात्र नशीब उघडलं. दिवाळीनंतर, चंद्र उशिरा उगवायला लागला तशी लाईट जायला लागली. गोरख अंधार पडताच टेकाडावर चढायचा, कॅमेरा लावून बसायचा, आणि साडेआठच्या सुमारास खाली गावातला एकेक दिवा विझत जायचा. आधी खालची आळी जायची, मग वरची, शेवटी भैरवनाथाच्या देवळापुढचा मोठा दिवा. सगळं खोरं काळंभोर. एरवी लाईट गेली की वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा गोरख यंदा त्यांना मनोमन दुवा देत होता. खालून शेजारच्या चंद्राबाईच्या टीव्हीवरच्या मालिकेतलं रडणं तेवढं ऐकू यायचं. तिने इन्व्हर्टर घेतलेला दिसतो, असं त्याला वाटलं. तो मध्यरात्री घरी पोचेपर्यंत देवळापुढचा दिवा परत लागलेला असायचा.

रविवारी तो पुण्याला गेला. परीक्षक बाईंनी तासभर एकेक फोटो उघडून पाहिला. झाकण लावून काढलेलेही सोडले नाहीत. शेवटी बाईंनी चष्मा काढला.

"थर रचून दाणे जातात, पण असे नाही जात. तुमच्या मूळ फोटोतच आभाळ काळंभोर आहे. गाव किती लांब तिथून?"

"असंल अर्धा मैल."

"मग दिव्यांचं काय केलंत?"

"लाईटच नसायची, मॅडम. अकराच्या अकरा रात्री."

खोलीतली सगळी हसली. बाईही हसल्या, उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याचा हात हातात घेतला. संशय घेतल्याबद्दल त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. चित्र अस्सल होतं आणि पहिला नंबर त्याचाच होता. घरी जाताना वीजवाल्यांना पेढे द्या, असंही त्या म्हणाल्या.

गोरखला आभाळ ठेंगणं झालं. त्याने तिथूनच आईला फोन लावला. रतनबाईने एकच विचारलं, चित्राखाली गावाचं नाव टाकलंय ना? टाकलंय, म्हटल्यावर तिने ते जवळ उभ्या असलेल्यांना ओरडून सांगितलं. तेवढ्यात चंद्राबाईने तिच्या हातातून फोन ओढून घेतला.

"आमचा काळोख नीट आला का रं, गोरख?"

जिंकलो तरी यांची टिंगल संपत नाही, असं त्याच्या मनात आलं. पण आज त्याला कशाचाच राग येत नव्हता. त्याने खरंच दोन किलो पेढे घेतले आणि एसटीत मांडीवर खोका धरून बसला. उद्या पेपरात बातमी आली की ती देवळापुढे मोठ्याने वाचून दाखवायची, हेही ठरवून झालं.

गावाकडे वळणाऱ्या फाट्यावर, मार्गासनीला, तो उतरला तेव्हा गुंजवण्याची लाईट बघणारा वायरमन सोमनाथ चहाच्या टपरीवर बसलेला होता. शाळेपासूनचा सोबती. गोरखने खोका उघडून त्याच्यासमोर धरला.

"घे, दोन घे. तुज्यामुळंच जिकलो बघ. रोज रातच्याला लाईट घालवलीस, तीच कामाला आली."

पेढ्याकडे निघालेला सोमनाथचा हात मध्येच थांबला. त्याला ते चांगलंच झोंबलेलं दिसलं.

"मला कशाला बोल लावतूस?" तो म्हणाला. "पावसाळ्यात नवी तार वढल्यापासनं तुमच्या गावची लाईट एक रातबी गेल्याली न्हाई."