तळ्याकाठचा दगड

आत्याचा गुडघा बदलल्यापासून भाचा तिला तळहातावरच्या फोडासारखं जपत होता. डोंगरातल्या तळ्याची वाट पोरासोरांनाही झेपणारी, तरी त्याने टेबलावर नकाशा पसरून मोहिमेवर निघाल्याचा थाट मांडला होता. "रविवारी आम्ही तळ्यापर्यंत जाऊन येतो. आत्या, तू पायथ्याच्या बाकावर बसून सामान सांभाळ," त्याने फर्मान सोडलं. बायकोनेही मान डोलावली. आत्या ऐकत होती. बोटं मात्र स्वेटरच्या खिशात कशाशी तरी चाळा करत होती. खिडकीतून वारा आला, नकाशा फडफडला. तिने खिशातला हिरवट, गुळगुळीत दगड काढून नकाशातल्या तळ्यावर ठेवला. "हा कुठला?" भाच्याने विचारलं. "तळ्याकाठचा. मंगळवारी जाऊन आले, एकटीच." आत्याने त्याच्या पाठीवर थोपटलं. "बाक सावलीत आहे हो. दमलास तर बस तिथे. सामान सांभाळ."