हिरवं वर सरकव

फोन वाजत होता आणि तिचं बोट काही लागत नव्हतं. हिरव्या गोलावर तिनं टिचकी मारली, मग दाबलं, मग चोळलं. हातातली इस्त्री कुणाच्या तरी शर्टाच्या कॉलरवर तशीच राहिली. जळका वास आला तेव्हा तिनं ती दचकून उचलली. तेवढ्यात फोन गप्प झाला.

“गेला का?” आतल्या खोलीतून नवऱ्यानं विचारलं.

“गेला! मेला ऐन वेळी आंधळा होतो.”

सगळा जन्म इस्त्री करण्यात गेला होता. बोटांची पेरं झिजून गुळगुळीत झालेली. त्या बोटांना हा नवा फोन मुळी जुमानतच नव्हता. जुना बटणांचा फोन बिचारा बरा होता, दाबलं की दाबलं. पण पोरानं ऐकलं नाही. कुरियरच्या गाडीवर उन्हातान्हात हिंडून त्यानं हा घेतला, कारण हॉस्पिटलच्या मॅडमनी बजावलं होतं, “किडनी मिळाली की फोन येईल. कुठल्याही नंबरवरून येईल. उचलला नाहीत तर आम्हाला पुढच्या पेशंटला विचारावं लागेल.”

तेव्हापासून तिचा जीव त्या काचेत अडकला होता. आणि फोन वाजायचा तरी किती! कुणी म्हणे कर्ज घ्या, कुणी म्हणे प्लॉट घ्या. “किडनी आहे का तुमच्याकडे?” असं तिनं एकदा वैतागून एकाला विचारलं, तर त्यानंच फोन ठेवला.

पोरानं स्वतःची द्यायची तयारी दाखवली होती. गुपचूप तपासण्याही करून आला होता, जुळत होती. नवरा भरल्या ताटावरून उठला. “पोराला कापून मला जगायचं नाही. पुन्हा विषय काढलास तर डायलिसिसलाही जाणार नाही.” विषय तिथंच मिटला.

मग उरलं वाट बघणं. वाट कसली, तर कुणीतरी मरण्याची. हे तिला कळत नव्हतं असं थोडंच! देवापुढे हात जोडून ती ‘यांना बरं कर’ एवढंच म्हणायची. पुढचं म्हणायला जीभ रेटायची नाही.

फोन अडला की ती पोरालाच लावायची. “अगं आई, हिरवं वर सरकव, दाबू नकोस!” तो रहदारीतून ओरडायचा. “आणि मी गाडीवर असताना फोन करू नकोस, किती वेळा सांगू?” पण उचलायचा मात्र दर वेळी. न उचलून करतो काय? हॉस्पिटलचं काही असलं तर?

परवाही तेच झालं. फोनची रिंगच वाजेनाशी झाली. तिनं घाबरून त्याला लावला.

“बोल पटकन,” तो म्हणाला. “आवाज ना? बाजूला बघ, वरचं बटण—”

काहीतरी खाडकन वाजलं आणि फोन बंद पडला. तिनं दोन-तीनदा हॅलो हॅलो केलं, फोनला चार शिव्या घातल्या. मग ते बटण तिचं तिलाच सापडलं, तेव्हा तिला स्वतःचं कोण कौतुक वाटलं.

तेव्हापासून पोराला फोन लागतच नव्हता. ‘बंद आहे,’ असं ती आतली बाई सांगायची. बाहेरगावचा माल असला की तो दोन-दोन दिवस डेपोतच झोपायचा, त्यामुळे तशी काळजी नव्हती. खोड या फोनचीच.

“येऊ दे घरी. त्याच्याच डोक्यात घालते हा,” ती नवऱ्याला म्हणाली.

पुन्हा वाजला. मघाचाच नंबर. तिनं बोट पदराला पुसलं, श्वास रोखला आणि हिरवं वर सरकवलं.

“हॉस्पिटलमधून बोलतेय,” मॅडमचाच आवाज. “मावशी, किती वेळ लावतेय तुम्हाला! दोघंही लगेच या. आणि हे बघा, येताना—”

“निघालोच!” ती ओरडली आणि फोन गालाशी घट्ट दाबला. कट झाला. या वेळी तिनं शिवी दिली नाही. आणखी काय ऐकायचं उरलं होतं!

नवरा दाराची चौकट धरून उभा होता. “मिळाली?”

“मिळाली.”

तो मटकन खाली बसला आणि ढसाढसा रडला. मग डोळे पुसत म्हणाला, “कुणाचं गं लेकरू असेल?”

“आता नाही ते विचारू नका,” ती फटकन बोलली, कारण तिच्याही मनात तेच टोचत होतं. भरून ठेवलेली पिशवी तिनं खांद्याला लावली.

रिक्षात तिनं पोराला चार वेळा लावून बघितलं. बंद. “नेमका आज! एवढी गोड बातमी, आणि ऐकायला हा नाही.”

मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी दोघांना एका लहानशा खोलीत बसवलं, दार लोटलं. एक डॉक्टर भिंतीला टेकून उभे होते.

“यांनी सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतलेला नाही,” ती घाईनं म्हणाली. “लगेच आत नेलंत तरी चालेल. थांबा हं, पोराला तेवढं कळवते.” तिनं बोट फिरवलं. या वेळी बोट पहिल्याच फटक्यात लागलं.

मॅडमनी तिच्या हातातून फोन अलगद काढून घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला.

“त्याला नका लावू, मावशी. परवा गाडीला अपघात झाला तेव्हापासून तो इथंच आहे, वरच्या मजल्यावर. मेंदू गेलाय, श्वास तेवढा मशीनवर चाललाय. कुणाचा कोण, ते आम्हाला आज कळलं.” त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. “आज मी तुम्हाला काही द्यायला बसलेली नाही. मागायला बसलेय.”