पाच रात्रींचा तळ

तंबू जागेवर नव्हते.

सुप्रियानं जीप थांबवली. सकाळी ती श्रेयामॅडमना आणायला बारामती स्टँडवर गेली, तेव्हा पाचही तंबू इथंच बोरीच्या झाडाकडेनं उभे होते. आता तिथं पिवळ्या पडलेल्या गवताचे पाच चौकोन होते आणि त्यांत एक होला दाणे टिपत होता. श्रेयामॅडम पुण्याच्या एका पर्यटन कंपनीकडून जागा तपासायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला आणि त्या चौकोनांकडं पाहिलं.

चुलीचा एक धोंडा काखेत धरून तिच्या सासूबाई कुशाबाई ओढ्याकडे निघाल्या होत्या. दोन धोंडे आधीच पोचवून झाले होते. जिथून उचलले तिथंच ते परत ठेवायचे, अशी त्यांची रीत.

"टेकाडापल्याड गेली समदी," त्या लांबूनच म्हणाल्या. "व्हा फुडं, च्या ठिवलाय."

हा उद्योग कुणाचा, हे विचारायची गरजच नव्हती. सासऱ्यांचा! म्हस्कूआबांची उभी हयात मेंढरांमागं गेली. मेंढरं विकली, पण कळसजवळचा हा वडिलोपार्जित मुरमाड माळ राहिला आणि त्यावरची चिंकारा, लांडगे, ससे आबांना भाऊबंदांपेक्षा जवळचे राहिले. त्याच माळावर सुप्रियानं आणि तिच्या नवऱ्यानं, जोतीरामनं, दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी तंबू टाकले. आबा पहाटे माळ हिंडवायचे, कुशाबाई चुलीवरची भाकरी वाढायच्या. पाहुणे खूश होऊन जायचे. फक्त पाच रात्री झाल्या की आबा तळ हलवायचे, मेंढरांचा हलवायचे तसा. समोर पाहुणे असोत नाहीतर खुद्द कलेक्टर, आबांच्या हिशोबी सगळे सारखेच.

सुप्रियानं काय कमी विनवलं होतं? कोबा करू, पायवाट आखू, दिव्यांचे खांब रोवू. रस्त्यावरच्या एका रिसॉर्टात तर कारंजं होतं, त्यात रंगीत पाणी उडायचं. आबा सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि सहाव्या दिवशी खुंट्या उपटायचे.

पण निदान आज तरी! मॅडमनी होकार दिला, तर वर्षभर पाहुण्यांची ददात नाही. नकार दिला, तर जोतीराम पुन्हा सोमेश्वरनगरला साखर कारखान्याचा ऊस ओढायला ट्रॅक्टरवर जाणार, थेट उन्हाळ्यात परतणार. मग एकटीच्या जिवावर तंबू कुठले चालायला?

टेकाडापलीकडं आबा शेवटची खुंटी ठोकत होते.

"आबा, आजच व्हय?" ती दबक्या आवाजात म्हणाली. "एक दिस थांबला असता तर काय बिघडलं असतं?"

"माझं काय बिघडतंय? गवताचं बिघडलं असतं," आबा म्हणाले. "पाच रात्री झाल्या. उठलो."

श्रेयामॅडमनी चहा घेतला. मग तंबू पाहिले, स्वयंपाक पाहिला, पाणी कुठून येतं ते पाहिलं. संडासाचा जुना खड्डा मातीनं कसा बुजवतात, तेही विचारलं. प्रत्येक गोष्ट कागदावर टिपली. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

शेवटी त्या म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी तुमचे अगदी पहिले पाहुणे राहिले, ती जागा मला बघायचीय."

सुप्रियाच्या जिवात जीव आला. ती जागा ती कशी विसरेल? पहिली खुंटी तिनंच ठोकली होती, पहिला नारळही तिनंच फोडला होता. ती झपाझप पुढं निघाली. आबा काठी टेकत मागं.

गुडघाभर गवत होतं. कुसळं कपड्यांना चिकटत होती. सुप्रिया एका खडकापाशी थांबली. "इथंच," ती म्हणाली. मग वळली. "नाही, त्या खडकापाशी." फोनमधला फोटो काढून पाहिला, तर त्यात तंबू होता, पाहुण्यांची तोंडं होती, आभाळ होतं. आजूबाजूचं काहीच नव्हतं. ती चक्क गुडघ्यांवर बसली आणि हातांनी गवत बाजूला करू लागली. राख नाही, जळका धोंडा नाही, खुंटीचं भोक नाही. समोर चरणाऱ्या दोन चिंकारांनी माना वर केल्या आणि टुणटुण उड्या मारत ती निघून गेली.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन वर्षांचं काम म्हणून छातीठोकपणे सांगितलं होतं आणि दाखवायला काडीचा पुरावा नाही. या बाईला वाटणार, तंबू काल भाड्यानं आणलेत आणि हे सोंग आपल्यासाठीच उभं केलंय.

आबांनीही काठीनं चार ठिकाणी उकरून पाहिलं. मग ते थांबले.

"बाई, खोटं कशाला बोलू? हितंच हुती. आता सापडत न्हाय."

श्रेयामॅडमनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. सुप्रियाला राहवलं नाही. तिनं उठून कागदावर नजर टाकली. 'मुक्कामानंतर जमिनीवर राहिलेल्या खुणा,' असं छापलं होतं. त्याच्यापुढं मॅडमनी लिहिलं होतं, 'एकही नाही.'

तिचे डोळे भरून आले.

"मॅडम, थोडा वेळ द्या. देवाशपथ इथंच होती. मी शोधते."

"नका शोधू," श्रेयामॅडम म्हणाल्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसल्या. "दिवाळीपासून पाहुणे पाठवते. यंदा सदतीस ठिकाणं पाहिली मी. या ओळीपुढं 'एकही नाही' असं आज पहिल्यांदा लिहिलं."