सुताराची फुली

इंदूबाईंनी निवडायला घेतलेलं तांदळाचं ताट तसंच खाली ठेवलं, पिशवीत खोडरबर टाकलं आणि वाचनालयाची वाट धरली. जुनी, फाटकी पुस्तकं काढून टाकताहेत, ज्याला हवी त्याने न्यावी, असं सकाळी नळावर त्यांच्या कानावर आलं होतं. अडुसष्टाव्या वर्षी बाई मारेगावच्या रस्त्याने इतक्या झपाझप चालल्या, की दोघींनी थांबवून विचारलं, दवाखान्यात कोण आहे म्हणून.

पुस्तकं व्हरांड्यात सतरंजीवर मांडली होती. त्यांना हवं ते तिसऱ्या ओळीत सापडलं. गोंड राजांच्या काळातली जाडजूड कादंबरी. एक तापट, अबोल किल्लेदार, त्याची बायको आणि तिच्यावर जीव जडलेला एक घोडेस्वार. पाठीचं कापड उसवलं होतं, पण पानांचा वास तोच होता. तो वास घेतला आणि इंदूबाई खांबाला टेकून खालीच बसल्या. हे पुस्तक हाती होतं तेव्हा त्या सव्वीस वर्षांच्या होत्या आणि नवऱ्याशी बोलणं मीठ-तेलापुरतं उरलं होतं.

त्या वर्षी त्यांनी यातल्या एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती, सहज, आवडलं म्हणून. पुस्तक परत केलं, पुढच्या महिन्यात पुन्हा आणलं, तर पुढच्या पानावर दुसऱ्याच कुणाची रेघ. बारीक, पट्टी लावून ओढलेली. शेवटच्या पानावर पुस्तक नेणाऱ्यांची चिठ्ठी डकवलेली असायची, तीत त्यांच्या नावाखाली नाव होतं भीमराजचं. मोजणी कार्यालयात शेतांचे नकाशे काढायचा तो. मग इंदूबाईंनी एक वाक्य निवडावं आणि त्याने त्याला उत्तराचं वाक्य शोधावं, असं वर्षभर चाललं. समोरासमोर दोघं कधी पाच शब्द बोलले नसतील. पण पुस्तक बदलायचा दिवस आला की इंदूबाई कुंकू आरशात बघून लावायच्या. तसं कुंकू नंतर कधी लावलं नाही, याची हुरहूर त्यांना अजून होती.

भीमराजची शेवटची रेघ त्यांना पाठ होती. 'पहाटे नदीच्या उताराशी घोडा घेऊन थांबतो.' एप्रिलअखेर त्याची पुसदला बदली होती, पहाटेच्या एसटीने तो निघणार होता. त्या पहाटे इंदूबाई एसटी स्टँडवर गेल्या नाहीत. घरात अडवणारं कुणी नव्हतं, तरी गेल्या नाहीत.

आता हे पुस्तक गावात कुणाच्याही हाती पडणार. आपल्या रेघा तेवढ्या पुसाव्यात, म्हणून त्या आल्या होत्या.

"आजी, हे नेता का?" वाचनालयातली उर्वशी जवळ येऊन उकिडवी बसली. तिने शेवटचं पान उघडलं आणि चिठ्ठी मोठ्याने वाचू लागली. "इंदूबाई, भीमराज, इंदूबाई, भीमराज... तुमी दोघंच वाचत होते का हे?" मग तिचं बोट खाली आलं. "नाही, शेवटी एक नागोराव बी हाये."

इंदूबाईंनी पुस्तक तिच्या हातून जवळजवळ ओढूनच घेतलं. नागोराव म्हणजे त्यांचा नवरा. पेशाने सुतार. मतदानाच्या चिठ्ठीपलीकडे त्या माणसाने काही वाचलेलं त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. नावापुढे तारीख होती, अठरा एप्रिल ब्याऐंशी. त्याच आठवड्यात नागोराव हत्यारांची पेटी उचलून आदिलाबादला कामाला निघून गेले होते. चार महिने ना पत्र, ना निरोप. तेव्हा बाईंनी त्यांना मनसोक्त शिव्या घातल्या होत्या.

त्यांनी घाईघाईने घोडेस्वाराचं पान काढलं. बारीक रेघ जागेवर होती. तिच्या वर, 'किल्लेदार' या शब्दावर, एक फुली होती. जाड, काळी, सुताराच्या चपट्या पेन्सिलीची.

फुली म्हणजे काय, हे इंदूबाईंना कुणी सांगायला नको होतं. नागोराव करवत चालवत तेव्हा फळीचं दुसरं टोक त्यांनीच तर आयुष्यभर धरलं होतं. आखून झालं की जो तुकडा कापून टाकायचा, त्याच्यावर नागोराव फुली मारत. ठेवायचा तो भाग कोरा.

"काय झालं आजी? पानी देऊ?" उर्वशीने विचारलं.

"नोको. नेतो मी हे," इंदूबाई म्हणाल्या. खोडरबर पिशवीतच राहिलं.

घरी नागोराव अंगणात बाजेवर बसले होते. आता हात थरथरतात, पटाशी धरवत नाही, तरी कानावर पेन्सिल असतेच. इंदूबाईंनी ते पान उघडून पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसल्या. नागोरावांनी चष्मा लावला, पान लांब धरलं, जवळ धरलं. मग फुलीवरून अंगठा फिरवला, जुन्या कामाचा सांधा चाचपावा तसा.

"तुमाले मालूम होतं," इंदूबाई म्हणाल्या.

 नागोरावांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला.

"मी तं नीट आखून देल्लं होतं," ते म्हणाले. "कापलं काहून नाही?"

इंदूबाईंनी सकाळचं ताट पुढे ओढलं. तांदूळ पसरले, एक खडा वेचून बाजूला टाकला. डोळे भरून आले होते, म्हणून मान वर केली नाही.

"करवत तं तुमीच आदिलाबादले घेऊन गेलते," त्या म्हणाल्या.