येते हं!

आयव्हीएफचे दोन प्रयत्न फसल्यावर डॉक्टरांनी ऋजुताला सगळं नीट समजावून सांगितलं होतं. वय, भ्रूणाची प्रत, गर्भाशयाचं अस्तर, बरंच काय काय. नारायण पेठेतल्या त्या क्लिनिकमधल्या परवीन सिस्टरचं निदान मात्र वेगळंच होतं. "ताई, तुम्ही दर वेळी निघताना 'येते' म्हणता, मग परत यावंच लागतं. दवाखान्यातून 'जाते' म्हणून निघायचं असतं."

आज सोनोग्राफीत इवलेसे ठोके धडधड ऐकू आले. "माझं काम झालं," डॉक्टर म्हणाले, "आता बाळंतपणाच्या डॉक्टरांकडे जा." ऋजुता जवळजवळ पळतच बाहेर आली. एरवी हेल्मेटच्या नावाने बोटं मोडणारा तिचा नवरा अभिनव आज आनंदाच्या भरात ते वेटिंग हॉलमध्येच घालून बसला. तिने परवीन सिस्टरला कडकडून मिठी मारली आणि दारातून सवयीने बोलून गेली, "येते हं, सिस्टर!"

परवीन सिस्टरने कपाळावर हात मारला. "अहो ताई, पुन्हा?"

ऋजुताने जीभ चावली. मग हळूच पोटावर हात ठेवला. "मी नाही हो म्हटलं. आतून आवाज आला."

"आतून?" अभिनव हरखलाच. "'येतो' नाही, 'येते' म्हणाली?"

हसू दाबत परवीन सिस्टरने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.'