बाथरूमचा मुख्य दरवाजा

अडीच फुटी साचा. चाकांची खुर्ची. वणीचा ट्रक. गार झालेला चहा. घाटंजीत दीपा स्वतःचं घर बांधत होती. आर्किटेक्ट तीच, गिऱ्हाईकही तीच. वणीच्या कारखान्यातून बाथरूमसाठी सिमेंटची चौकट पुन्हा अडीच फुटीच आली, आणि वडिलांची चाकांची खुर्ची तिच्यात पुन्हा अडकली. “एका चौकटीसाठी नवा साचा कुठून आणू, म्याडम? नकाशाच बदला ना जी,” कारखानदार फोनवर म्हणाला. दीपाचा चहा गार झाला होता, भांडायचं त्राण उरलं नव्हतं. रुंद चौकट फक्त मुख्य दरवाजाची मिळत होती. दीपाने तीच बाथरूमला दाखवली, नकाशातली भिंत सरकवली. वडील हसले. “बाथरूमले एवढा दरवाजा? माही वरात नेतं काय, माय?” “एकटे जासान ना अंदर, बाबा?” त्यांनी मान डोलावली. पाय चालत होते तेव्हा तो अडीच फुटी साचा वणीच्या त्याच कारखान्यात त्यांनीच वेल्डिंग करून बनवला होता.